रबराच्या झाडाचं मूळ गाव: आक्रेतल्या शापुरीला आई-बाबांना घेऊन जावं का?

दोडामार्गचा

नमस्कार मंडळी.

सध्या नोकरीसाठी साओ पाउलोत आहे. पुढच्या वर्षी आई-बाबा पहिल्यांदाच इकडे येतायत. आमची दोडामार्ग तालुक्यात रबराची बाग आहे. आजोबांच्या काळात तिथे नुसता काजू होता. शेजारच्या डोंगरावर केरळची मंडळी येऊन रबर लावायला लागली, ते बघून बाबांनी अर्ध्या जमिनीत रबर घातलं. बाबा आता 63 वर्षांचे आहेत, पण अजूनही उजाडायच्या आत स्वतः टॅपिंगला, म्हणजे झाडाला खाच देऊन चीक काढायला, जातात. शीट लाटणं, धुरावर वाळवणं सगळं घरीच.

इकडे यायचं ठरल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली. "रिओ-बिओ तुमी बघा, माका ह्या झाडाचो मूळ गाव दाखय."

शोधता शोधता ब्राझीलच्या आक्रे राज्यातल्या शापुरीपर्यंत पोचलो. जंगल वाचवण्यासाठी लढलेल्या शिको मेंदेस या रबर काढणाऱ्या पुढाऱ्याचं गाव, वस्ती 18 हजारांच्या आसपास, बोलिव्हियाची सरहद्द जवळ. पण तिथे जाऊन आलेला एकही माणूस मला भेटलेला नाही. माझ्या इथल्या ऑफिसातले लोकसुद्धा आक्रे म्हटलं की खांदे उडवतात.

तर विचारायचं असं, की या वयाच्या माणसांना घेऊन तिथे जाणं जमेल का? रबर काढताना खरोखर बघायला मिळतं की फक्त संग्रहालय आहे? महिना कुठला निवडावा? आई शाकाहारी आहे आणि तिचे गुडघे थोडे दुखतात. पोर्तुगीज मला कामापुरती येते.

ठाणेकर शिरीष

माझं मत विचाराल तर ॲमेझॉनकाठच्या मनाऊस शहराला जा. आम्ही गेलो होतो. रबराच्या पैशातून 1896 मध्ये बांधलेलं ऑपेरा हाउस बघण्यासारखं आहे, निग्रो आणि सोलिमोंइस या नद्यांची काळी आणि गढूळ पाणी शेजारी शेजारी वाहताना दिसतात, आणि नदीने थोडं पुढे गेलं की जुन्या रबर-वसाहतीची हुबेहूब उभारलेली प्रतिकृतीही आहे. चांगली हॉटेलं, चांगले दवाखाने, विमानं भरपूर. आक्रे म्हणजे नकाशाचं पार पश्चिम टोक. वयस्कर माणसांना घेऊन एवढ्या आडबाजूला कशाला?

रानमाती

दोडामार्गचा, जरूर जा. शिरीष म्हणतात ते मनाऊस मीही पाहिलंय आणि ऑपेरा हाउस सुंदरच आहे. पण ते रबर विकून श्रीमंत झालेल्यांचं शहर. तुमचे बाबा रबर काढणारे आहेत, त्यांनी शापुरीच बघावं.

मी मूळची अकोल्याची. मातीच्या अभ्यासासाठी आक्रेची राजधानी रियो ब्रांको इथे राहत होते, तेव्हा शापुरीला जाणंयेणं खूप झालं. त्या गावावर माझा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक खुलासा. आपल्याकडे जे रबर आलं त्याचं बी आक्रेचं नाही. हेन्री विकम या इंग्रजाने 1876 मध्ये सुमारे 70,000 बिया तापाजोस नदीकाठावरून गोळा करून लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. त्यातली फार थोडी उगवली. ती रोपं मुख्यतः सिलोनला गेली आणि तिथून पुढे दक्षिण आणि आग्नेय आशियाभर पसरली. तापाजोस खूप पूर्वेला, पारा राज्यात. म्हणजे झाडाचं अगदी काटेकोर मूळ शोधायचं तर तिकडे जावं लागेल. पण रबर काढून पोट भरणारी माणसं, त्यांची घरं, त्यांच्या पायवाटा बघायच्या तर आक्रेला तोड नाही. एके काळी 'आक्रे फाइन' हा जगातल्या उत्तम प्रतीच्या रबराचा माल समजला जायचा.

तापाजोसची आणखी एक गोष्ट बाबांना सांगा, त्यांना लगेच उमजेल. हेन्री फोर्डने 1928 पासून तिथे आपल्यासारखीच ओळीत रबराची लागवड करून पाहिली. पानांच्या करप्याने ती पार बुडवली. एका झाडाची पानं दुसऱ्याला भिडली की ही बुरशी झपाट्याने पसरते. म्हणून तिथल्या रानात रबराचं झाड एकेकटं उभं असतं, एका हेक्टरात जेमतेम एक-दोन. मध्ये शंभर जातीची दुसरी झाडं. हा करपा आशियात पोचलेला नाही, म्हणून दोडामार्गात तुमची झाडं ओळीत उभी राहू शकतात.

आता प्रवास. साओ पाउलोहून ब्राझीलियामार्गे रियो ब्रांकोला विमान. बरीच विमानं मध्यरात्रीच्या सुमारास उतरतात, त्यामुळे पहिली रात्र तिथेच काढा. वेळ ब्राझीलियापेक्षा दोन तास मागे आहे. तिथून शापुरी 180-190 किलोमीटर. बस आहे, पण आईंचे गुडघे लक्षात घेता गाडी करा. मोठा रस्ता बीआर-317, शेवटी डावी-उजवी करत दहा-बारा किलोमीटर आत. पावसाळ्यानंतर रस्त्याला खड्डे पडलेले असतात, तेव्हा चार तास धरून चाला.

या रस्त्यावर जंगल दिसणार नाही, हे आई-बाबांना आधीच सांगून ठेवा. दोन्ही बाजूंना कुरणं आहेत. मैलोगणती गवत, आणि मध्येच एखादं प्रचंड, सरळसोट, एकटं झाड. ते कास्तान्येइरा, ब्राझील नटचं. ते तोडायला कायद्याने बंदी आहे म्हणून राहिलंय, आजूबाजूचं सगळं गेलंय. आणि गवतात चरणारी गुरं बाबा पाहताक्षणी ओळखतील. पांढरी, वशिंडाची, गळ्याला पोळी लोंबणारी. ती आपल्याकडचीच, आंध्रातल्या ओंगोल जातीची. ब्राझीलमध्ये त्यांना नेलोर म्हणतात आणि तिथल्या मांसधंद्याचा कणा तीच आहेत. मी पहिल्यांदा ती बघितली तेव्हा मला क्षणभर घरचं कुणी भेटल्याचा आनंद झाला होता. ती कुरणं कशी तयार झाली हे कळल्यावर त्या आनंदाचं काय करावं ते कळेना.

1970च्या दशकात लष्करी सरकारच्या धोरणामुळे दक्षिणेकडच्या धनिकांनी आक्रेतली जमीन स्वस्तात घेतली. जमिनीवर पिढ्यानपिढ्या रबर काढणारी कुटुंबं राहतायत हे त्यांच्या कागदात कुठेच नव्हतं. या कुटुंबांचे आजे-पणजे ईशान्य ब्राझीलमधल्या सियारा प्रांतातल्या दुष्काळातून इकडे आलेले. काही दुसऱ्या महायुद्धात आलेले, जपानने मलाया घेतल्यावर दोस्तराष्ट्रांना रबर पुरवण्यासाठी सरकारने आणलेले 'रबराचे सैनिक'. मालकाच्या दुकानातून उधारीवर मीठ-मिरची-काडतुसं घ्यायची आणि आयुष्यभर रबर देऊन ती उधारी फेडत राहायची, अशी ती पद्धत होती. ती उधारी सुटते न सुटते तोच करवती आल्या.

मग या माणसांनी 'एम्पाते' सुरू केलं. करवतवाल्यांची टोळी येणार असं कळलं की बाया, पोरं, म्हातारी, सगळी चालत जाऊन त्यांच्या आणि झाडांच्या मध्ये उभी राहायची. मजुरांशी बोलायची, त्यांना परत पाठवायची. शिको मेंदेस लहानपणापासून बापाबरोबर रबर काढणारा, वाचायला शिकला तो तरुणपणी. शापुरीच्या कामगार संघटनेचा तो पुढारी झाला. 1980 मध्ये शेजारच्या ब्राझिलेयात विल्सन पिन्येरो या संघटनेच्या पुढाऱ्याला गोळ्या घालून मारलं होतं, त्यामुळे आपला नंबर येणार हे शिकोला माहीत होतं.

त्याचं घर बघायला पाच मिनिटं पुरतात इतकं ते लहान आहे. फळ्यांचं, आपल्या कोकणातल्या घराच्या पडवीत मावेल एवढं. पण घाई करू नका. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी थांबा. 22 डिसेंबर 1988च्या संध्याकाळी तो तिथे संरक्षणाला दिलेल्या पोलिसांबरोबर डॉमिनो खेळत होता. जेवणाआधी अंघोळ करावी म्हणून खांद्यावर टॉवेल टाकून त्याने मागचं दार उघडलं, कारण न्हाणीघर परसात होतं. दारातच गोळी लागली. आठवड्यापूर्वी त्याला 44 वर्षं पूर्ण झाली होती. एका जमीनदाराला आणि त्याच्या मुलाला 1990 मध्ये 19 वर्षांची शिक्षा झाली. टेबल आणि ते दार यांत फार तर चार पावलांचं अंतर आहे. 2015च्या महापुरात नदीचं पाणी या घरात शिरलं होतं, नंतर त्याची डागडुजी झाली. निघण्याआधी ते उघडं असल्याची खात्री करून घ्या.

त्याच्या मृत्यूनंतर दीड वर्षाच्या आत, मार्च 1990 मध्ये, सरकारने त्याच्या नावाचं राखीव जंगल जाहीर केलं. सुमारे 9 लाख 70 हजार हेक्टर. सिंधुदुर्ग जिल्हा आणि गोवा एकत्र केले तरी त्याहून मोठं. जमीन सरकारची, पण तिथे राहण्याचा आणि रबर, कास्तान्या म्हणजे ब्राझील नट, फळं काढण्याचा हक्क त्याच कुटुंबांचा. कुणी विकू शकत नाही, कुणी हुसकावू शकत नाही. माणसाला बाहेर न काढता जंगल राखायची ही कल्पना रबर काढणाऱ्यांनी स्वतः मांडली होती, 1985 मध्ये ब्राझीलियात भरलेल्या त्यांच्या पहिल्या राष्ट्रीय मेळाव्यात.

पण तुमची सहल गावात संपवू नका. शापुरीपासून तासाभराच्या कच्च्या रस्त्यावर सेरिंगाल काशोएरा ही जुनी रबर-वसाहत आहे. 1988 मध्ये इथलं जंगल वाचवण्यासाठी मोठा एम्पाते झाला होता. तिथे राहायची सोय आहे, आणि तिथलीच माणसं तुम्हाला रबराच्या वाटेवर नेतात. तिथे 'वाट' म्हणजे झाडाझाडांना जोडत जंगलातून फिरून परत घराशी येणारी पायवाट, एका वाटेवर शंभर-दीडशे झाडं. बाबा जेवढी झाडं बागेत ओळीने चालत संपवतात, तेवढ्यासाठी तिथला माणूस कितीतरी किलोमीटर चालतो. पहाटे खाचा घेत जायचं, आणि दुपारी तीच वाट पुन्हा, चीक गोळा करायला.

बाबांना एखाद्या म्हाताऱ्या झाडाजवळ थोडा वेळ द्या. खोडाचा खालचा भाग गाठीगाठींनी सुजलेला दिसेल. तो जुन्या काळच्या कुऱ्हाडीचा घाव, पणजोबाच्या पिढीतला. त्याच्या वर बारीक, तिरक्या, एकाखाली एक रेघा, त्या नंतर आलेल्या सुरीच्या. जिथे साल पुरती भरून आलीय तिथे हात फिरवला की खालची खाच बोटाला लागते. मला ते वाचायला तिथल्या एका आजोबांनी शिकवलं. तुमच्या बाबांना कुणी शिकवायची गरज पडणार नाही.

दोडामार्गचा

ताई, काय लिहू! तुमचा प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवला. करप्याचं ऐकल्यावर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, तिकडे ही माणसं आता रबरावर जगतात का ते विचार. आणि महिना कुठला धरू? आमच्याकडे जूनपासून टॅपिंग बंदच असतं, तेव्हा बाबा मोकळे असतात.

डॉक्टर मिरजकर

मध्येच बोलतो, कारण हे महत्त्वाचं आहे. ब्राझीलहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. ते लस घेतल्यापासून 10 दिवसांनी लागू होतं आणि नंतर जन्मभर चालतं. ते नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रांतच मिळते. दोडामार्गहून तुम्हाला गोव्यात मुरगावचं बंदर आरोग्य कार्यालय जवळ पडेल. आधी फोन करून वार आणि वेळ ठरवा.

तुमच्या बाबांचं वय 63 आहे. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना दुर्मीळ पण गंभीर त्रासाची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. म्हणून त्यांची चालू औषधं, प्रतिकारशक्तीचे आजार, अंड्याची ॲलर्जी, थायमस ग्रंथीचा काही इतिहास हे सगळं डॉक्टरांना सांगूनच निर्णय घ्या. आईंचंही तसंच. हे तिकीट काढायच्या आधी करा, नंतर नको. आक्रेत मलेरिया मुख्यतः पश्चिमेकडच्या जुरुआ खोऱ्यात आहे, शापुरीकडे बराच कमी. तरी लांब बाह्यांचे कपडे आणि मच्छरदाणी हवीच.

रानमाती

डॉक्टरांचे आभार, मी लसीचं लिहिणारच होते.

जून उत्तम. मे संपता संपता तिथला पाऊस थांबतो, रस्ते वाळतात आणि टॅपिंग जोरात असतं. ऑगस्टच्या सुमारास झाडं पानं गाळतात, तेव्हा ती विश्रांतीला सोडतात. शिवाय ऑगस्ट-सप्टेंबरात कुरणं आणि जंगल जाळल्याचा धूर इतका असतो की डोळे चुरचुरतात आणि म्हाताऱ्या माणसांना श्वासाचा त्रास होतो. तेव्हा अजिबात नेऊ नका. जूनमध्ये एकच सांभाळा, दक्षिणेकडून मध्येच गार वारा येतो, त्याला तिथे 'फ्रियाजें' म्हणतात. कालपर्यंत घाम पुसत असता आणि आज पारा 12-15 अंशांवर. आई-बाबांना स्वेटर आणि शाल आणायला सांगा, ॲमेझॉनला स्वेटर कशाला असं म्हणू नका.

जूनमध्ये कास्तान्याचा हंगाम मात्र हुकेल. ती फळं पावसाळ्यात, साधारण डिसेंबर ते मार्चमध्ये आपोआप पडतात. नारळाएवढं, लाकडासारखं टणक फळ चाळीस मीटरवरून कोसळतं, त्यामुळे वारं सुटलं की कुणी त्या झाडाखाली जात नाही.

आईंच्या जेवणाची काळजी नको. भात, घेवड्याची उसळ, तळलेली नाहीतर उकडलेली माकाशेइरा म्हणजे कसावाचा कंद, केळी आणि सॅलड सगळीकडे मिळतं. उसळीत मांसाचे तुकडे घालायची पद्धत आहे, म्हणून दर वेळी विचारून घ्या. सकाळी मक्याचं वाफवलेलं कुसकुस मिळतं, आपल्या सांज्याच्या जवळ जाणारं. आणि कुपुआसूचा रस नक्की द्या, त्याचा वास मला अजून आठवतो. रानातल्या वाटेवर आईंनी पहिल्या काही झाडांपर्यंतच जावं. वाटेत ओहोळावर एका ओंडक्याचे पूल असतात.

आता बाबांचा प्रश्न. नुसत्या रबरावर आता फार थोडी घरं चालतात. 1910 नंतर आशियातल्या बागांचं रबर बाजारात आलं आणि तिथला भाव कोसळला तो कायमचा. 1999 पासून आक्रे राज्य सरकारने रानातल्या रबराला अनुदान दिलं. 2008 मध्ये शापुरीतच त्या चिकापासून कंडोम बनवायचा सरकारी कारखाना निघाला. फ्रान्सची वेजा ही बुटांची कंपनी तळव्यांसाठी आक्रेतलं रबर चढ्या भावाने घेते. या सगळ्याने आधार मिळाला, पण मुलांना थांबवायला तो पुरला नाही. आज राखीव जंगलाच्या आतसुद्धा खूप घरांनी गुरं पाळलीत. आजारपण आलं की गाय दोन दिवसांत विकता येते, रबराचे पैसे हंगामाचे हंगाम जमवावे लागतात. म्हणून शिकोच्या नावाच्या जंगलातही झाडं तुटतायत. मला याचं फार वाईट वाटतं, पण त्या माणसांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. बाबांनी हे त्यांनाच विचारावं. ते रबराचा भाव पहिल्यांदा विचारतील आणि तिथला माणूस दोडामार्गातला भाव विचारेल, इतकं मी खात्रीने सांगते. तुम्ही फक्त मध्ये बसून पोर्तुगीज सांभाळा.

बाबांना त्यांची टॅपिंगची सुरी आणायची इच्छा होईल. आणू द्या, पण चेक-इनच्या सामानात, आणि भारतातून येतानाच स्वच्छ धुऊन. तिथल्या कुणाला तरी ती भेट देऊन या. परत नेऊ नका. हे मी आग्रहाने सांगतेय. तिथून पान, बी, फांदी, मातीचा कणसुद्धा आणायचा नाही, आठवण म्हणूनही नाही. करप्याचे बीजाणू कपड्यांना आणि बुटांना चिकटून येऊ शकतात. रानातले बूट तिथेच टाकून द्या. कपडे साओ पाउलोत गरम पाण्यात धुवा, बॅगा आणि मोबाइलचं कव्हर पुसून घ्या. रान सुटल्यावर आई-बाबांना निदान आठवडाभर तुमच्याकडे ठेवून घ्या आणि मगच परत पाठवा, म्हणजे बाबा थेट बागेत जाणार नाहीत. हा रोग एकदा कोकणात किंवा केरळात उतरला तर लाखो घरांचं नुकसान होईल. बाबांना कारण सांगितलंत की ते स्वतःच सगळ्यांकडून हे करून घेतील.

काशोएराला राहायचं आधी फोनवर ठरवा, रानात सिग्नल नसतो. तारखा पक्क्या झाल्या की इथे लिहा. गाडीवाला कसा बघायचा आणि रियो ब्रांकोत कुठे उतरायचं ते तेव्हा सांगते.